थांबलेला पट, परतलेला हंगाम

शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, स्थापना कोणत्या साली झाली, पहिला अध्यक्ष कोण, घटना कधी मंजूर झाली, असे काही सांगता येत नाही. तरीही या स्मरणिकेसाठी एखाद्या संस्थेचा इतिहास लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा माझ्यासमोर दुसरे नाव उभे राहिले नाही. संस्था म्हणजे तरी काय असते? ठरलेला काळ, ठरलेली जागा, सगळ्यांना माहीत असलेले नियम, ते मोडणाऱ्याला वगळण्याची ताकद आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेले काम. वऱ्हाडातल्या पटाकडे हे सगळे आहे. अमरावतीच्या राजापेठेतल्या आम्हा लोकांना शहरात राहून त्याचा विसर पडतो एवढेच. आमच्यातल्या बहुतेकांचे गाव, निदान मामाचे गाव, पटाचे असते.

या संस्थेच्या इतिहासात एक खंड आहे. ७ मे २०१४ ला ती थांबली आणि १६ डिसेंबर २०२१ ला तिला पुन्हा धावण्याची मुभा मिळाली. मधली साडेसात वर्षे आणि त्यानंतरचा अडखळत सुरू झालेला हंगाम, यांच्याबद्दल मला मुख्यतः लिहायचे आहे. आधीचे वैभव सांगणारी माणसे गावोगाव आहेत. थांबल्यावर काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

ज्यांनी पट पाहिलाच नाही अशा तरुण वाचकांसाठी आधी थोडे सांगतो. कापसाची वेचणी आटोपत आली, तुरी सोंगून खळ्यावर आल्या, की संक्रांतीच्या आगेमागे पटाचे दिवस सुरू होतात आणि उन्हे तापेपर्यंत चालतात. गावाबाहेरच्या रिकाम्या वावरात सरळ लांब पट्टी आखतात. ढेकळे फोडून, दगड वेचून, पाणी मारून ती जमीन तयार करण्यात आठ-दहा दिवस जातात. काळी माती फार भुसभुशीत राहिली तर बैलाचा पाय रुततो, फार दाबली तर खुराला मार बसतो. जमीन तयार करणाऱ्या माणसाचे नाव पत्रिकेवर येत नाही, पण पट चांगला झाला की वाईट, हे त्याच्याच हाती असते.

जोडी हलक्या छकड्याला जुंपतात. त्यावर एकच माणूस, धुरकरी. सुटण्याच्या रेषेपाशी चार-पाच जण बैलांना धरून उभे असतात, कारण पटाचा बैल गर्दीचा आवाज ऐकला की जागेवर ठरत नाही. झेंडी पडते, हात सुटतात आणि पुढचे सगळे काही सेकंदांत होऊन जाते. पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी जोडी एकटी धावते आणि तिची लढत घड्याळाशी असते. पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत, दोन दाणींवर दोन जोड्या शेजारी शेजारी सोडण्याची रीत आहे. तिथे दिवसा पट आणि रात्री नाटक, असा जोडकार्यक्रम असतो. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगामच पटाच्या गर्दीवर उभा राहिला, असे म्हटले तरी चालेल.

घड्याळाशी लढत म्हटले की घड्याळावर भांडण आले. एका टोकाला झेंडी आणि दुसऱ्या टोकाला हातात घड्याळ घेतलेला माणूस, असा पूर्वीचा मामला होता. झेंडी दिसली आणि बोट दाबले यांच्यात जो क्षण जातो, त्यावर संध्याकाळभर वाद चाले. वायरने जोडलेली विजेची घड्याळे आली, सेकंदाचा शंभरावा भाग फलकावर दिसू लागला आणि वादाला आवर बसला. पटाच्या इतिहासातला हा मोठा बदल आहे. हरलेला मालक आता पंचावर चिडत नाही, फलकाकडे बघतो आणि जोडी घेऊन घरी जातो.

बैलांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ हा या भागाचा धावरा बैल. अंगाने लांबट, रंगाने पांढरा-राखी, हाडाने हलका. मराठ्यांच्या फौजेमागे सामान घेऊन वेगाने चालणारे बैल याच जातीचे होते, असे पशुतज्ज्ञ लिहितात. वऱ्हाडात उमर्डा बैलही पूर्वीपासून आहे. आता दक्षिण महाराष्ट्रातला खिल्लारही पटात दिसतो. पटाच्या बैलाला सरकीची ढेप, भिजवलेले हरभरे, कणकेचे गोळे, कुटार असा खुराक असतो. घरातल्या पोराला दूध कमी पडले तरी बैलाला पडू न देणारी घरे मी पाहिली आहेत. हे बरोबर की चूक, ते ज्याने त्याने ठरवावे. पण बैलाला केवळ पैशाचे साधन समजणाऱ्या घरात असे घडत नाही.

आमच्या जिल्ह्यात पटाचे नाव काढले की धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचे नाव येते. तिथल्या कृषक सुधार मंडळाने पट हे गावाचे कार्य म्हणून चालवले. मंडळाच्या नावातच शेतकऱ्याच्या सुधारणेचा संकल्प आहे. जातिवंत बैल गावोगावचे शेतकरी एके ठिकाणी पाहतील, चांगला वळू कोणाकडे आहे हे कळेल, खरेदी-विक्री होईल, असा पटाचा शेतीशी थेट संबंध होता. तळेगावला महिला धुरकऱ्यांच्याही फेऱ्या झाल्या आहेत. डोक्यावर पदर घेतलेली बाई छकड्यावर उभी राहून कासरा आवळते, तेव्हा पट म्हणजे पुरुषांचा उद्योग, ही समजूत जागेवरच निकालात निघते.

आता खंडाकडे येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या २२ व्या कलमाखाली केंद्र सरकार काही प्राण्यांचे खेळ-प्रदर्शन मना करू शकते. अस्वल, माकड, वाघ ही नावे त्या यादीत १९९१ पासून होती. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्यात बैलाचे नाव घातले गेले. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने शर्यती बंद करण्याचे परिपत्रक काढले. मग कोर्टकचेरी, २०१३ मध्ये अटींवर तात्पुरती मोकळीक, आणि शेवटी ७ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्हींवर न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने बंदी घातली. बैलाच्या शरीराची ठेवण धावण्याच्या स्पर्धेसाठी नाही आणि त्याला वेदनेच्या भीतीने पळवले जाते, हा निकालाचा गाभा होता.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट दिली, पण आठवडाभरातच न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुण जमले आणि तमिळनाडूने आपला कायदा दुरुस्त केला. पाठोपाठ महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी दुरुस्ती मंजूर केली, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेले. २०१८ मध्ये ते घटनापीठाकडे सोपवले गेले. तमिळनाडू आणि कर्नाटकात शर्यती चालू राहिल्या, महाराष्ट्र मात्र थांबलेला राहिला. ही तफावत आमच्या शेतकऱ्यांना फार लागली. देश एक आणि कायदाही एकच असताना, सीमेपलीकडचा बैल धावतो आणि अलीकडचा का नाही, या प्रश्नाला गावात कोणाकडे उत्तर नव्हते.

त्या वर्षांत गोठ्यात काय चालले होते, ते महत्त्वाचे आहे. पटाचा बैल नांगराला जुंपायला मालकाचे मन धजत नाही, आणि नुसता बांधून ठेवायला परवडत नाही. काहींनी विकले. जोडीतला एक गेला की दुसऱ्याची किंमत निम्म्याहून कमी होते, कारण सारख्या पावलाचा जोडीदार पुन्हा सापडायला वर्षे लागतात. काही ठिकाणी चोरून पट झाले, गुन्हे दाखल झाले. त्याचे समर्थन मी करणार नाही. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या जनावराचा बाजार बसला. त्याआधीपासून ट्रॅक्टर होताच. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांची तुलना केली तर देशातला नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला दिसतो. हा आकडा पटबंदीमुळे घडला नाही, पण पटबंदीची वर्षे नेमकी या घसरणीच्या काळात पडली.

तरीही काही घरांनी बैल ठेवले. सकाळी फिरायला नेले, वावरातल्या वाटेवर हलके धावू दिले, दाव्याला बांधून सडू दिले नाही. धुरकऱ्यांनी मुलांना कासरा धरायला शिकवले. बंदीच्या काळातली खरी संस्था म्हणजे हीच घरे. पट नसताना पटासाठी केलेले काम कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही आणि त्याचा सत्कारही होत नाही.

असा खंड पडून परत आलेल्या दुसऱ्या एका शर्यतीचा इतिहास मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि तो इथे सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये मोटरसायकलींची स्पीडवे नावाची शर्यत आहे. अंडाकृती मातीची धावपट्टी, वर जळक्या कोळशाचा किंवा दगडाचा चुरा, एका वेळी चार स्वार आणि चार फेऱ्या. मोटरसायकलला ब्रेक नाही. इंजिन ५०० सीसीचे, इंधन पेट्रोल नाही तर मिथेनॉल. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो आणि लोखंडी पट्टी ठोकलेला डावा बूट जमिनीवर टेकवून तोल राखतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. हा खेळ ऑस्ट्रेलियातून आला. वेस्ट मेटलंड गावच्या जत्रेत जॉनी हॉस्किन्स यांनी १९२३ च्या डिसेंबरमध्ये तो भरवला, तेव्हा तोही जत्रेतलाच एक कार्यक्रम होता. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनबाहेरच्या हाय बीच इथे इंग्लंडमधली गाजलेली पहिली सभा झाली, अपेक्षेच्या कितीतरी पट लोक आले, आणि पुढच्याच वर्षी शहराशहरांच्या संघांची लीग सुरू झाली.

१९३९ च्या ७ सप्टेंबरला वेम्ब्लीच्या स्टेडियमवर जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी ठरली होती. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले. ती फेरी झालीच नाही, आणि लीग सहा हंगाम बंद राहिली. स्वार सैन्यात गेले, कारखान्यांत गेले. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू धावपट्टीने मात्र युद्धाच्या सगळ्या वर्षांत शर्यती चालू ठेवल्या. रजेवर आलेले, कारखान्यातून सुटलेले स्वार जमतील तसे जमवून, लीगचे गुण नाहीत, अजिंक्यपद नाही, तरी सभा भरत राहिली. १९४६ मध्ये लीग पुन्हा उभी करायची वेळ आली तेव्हा यंत्रे जाणणारी माणसे, सराव न सुटलेले स्वार आणि धावपट्टीची सवय असलेला प्रेक्षक, हे सगळे तिथे तयार होते.

१९४६ चा तो हंगाम मला फार आवडतो. वरच्या नॅशनल लीगमध्ये सहाच संघ: वेम्ब्ली, बेल व्ह्यू, ब्रॅडफर्ड, वेस्ट हॅम, न्यू क्रॉस आणि विम्बल्डन. खालच्या नॉर्दर्न लीगमध्येही सहा: मिडल्सब्रो, शेफील्ड, नॉर्विच, बर्मिंगहॅम, न्यूकॅसल, ग्लासगो. जाणते स्वार थोडे उरले होते. त्यामुळे संघटकांनी त्यांची प्रतवारी लावून ते संघांमध्ये वाटून दिले, म्हणजे एकाच श्रीमंत संघाकडे सगळे जाऊ नयेत. वरच्या लीगमध्ये वेम्ब्ली जिंकली, खालच्या लीगमध्ये पोलादनगरी मिडल्सब्रो. जागतिक अजिंक्यपद अजून पुन्हा सुरू व्हायचे होते, म्हणून त्याऐवजी ब्रिटिश स्वारांचे अजिंक्यपद ठेवले गेले आणि वेम्ब्लीच्याच टॉमी प्राइस यांनी ते पटकावले. याच माणसाने पुढे १९४९ मध्ये, युद्धानंतर पहिल्यांदा भरलेल्या जागतिक अंतिम फेरीत विजय मिळवला.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडात पावावर रेशन लागले होते. युद्ध चालू असतानाही जे झाले नव्हते, ते जिंकल्यानंतर झाले. घरे पडलेली, पेट्रोल मोजून मिळणारे. अशा वेळी लोक धावपट्टीभोवती हजारोंनी जमत. त्याचे कारण मला समजते. २०२१ नंतरच्या पटाला जी गर्दी झाली ती मी पाहिली आहे. सोयाबीन पावसाने खाल्लेले, कापसाचा भाव वर-खाली होणारा, आणि तरी माणसे ट्रॉलीत बसून वीस कोसांवरून येत होती. वर्षांनुवर्षे मना केलेली गोष्ट उघड्यावर, पोलिसांच्या देखत, मोकळेपणाने पाहायला मिळते याचा आनंद वेगळाच असतो.

आपला हंगाम मात्र एका दिवसात परतला नाही. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठाने महाराष्ट्राला तमिळनाडू-कर्नाटकाच्या बरोबरीने परवानगी दिली. २०१७ चा दुरुस्ती कायदा आणि त्याखालचे नियम पाळायचे, या अटीवर. गावोगाव फटाके वाजले. दोन-तीन आठवड्यांत कोरोनाची तिसरी लाट आली आणि जमावावर निर्बंध लागले. ती ओसरली, उन्हाळ्यापर्यंत काही पट झाले. मग २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला. अंगभर गाठी, ताप, खाणे-पिणे सुटलेले जनावर. अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांनी त्याचा मार सोसला. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, शर्यतींचा प्रश्नच उरला नाही. सात वर्षे ज्यांनी बैल राखला त्यातल्या कोणाचा बैल या साथीत गेला, तर त्या घराचे काय झाले असेल, याची कल्पना शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्याला सांगावी लागत नाही. लसीकरण झाले, साथ आवरली, आणि २०२३ च्या सुरुवातीला पट खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्याच वर्षी १८ मे रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि डोक्यावरची टांगती तलवार गेली.

परतलेला पट जुन्या पटासारखा नाही, आणि नसावाच. धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्यायची. बैल धावण्यास योग्य आहे, असा पशुवैद्यकाचा दाखला हवा. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणे, काहीही चालणार नाही. नियम मोडून बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. जुन्या पटात तुतारीची आर बैलाच्या पुठ्ठ्यात शिरत असे. सगळेच करत नव्हते, पण करणारे होते, आणि न करणाऱ्यांनी त्यांना थांबवले नाही. न्यायालयात जे फोटो गेले ते खोटे नव्हते. प्राणिमित्रांना गावाचे शत्रू ठरवून आपण बरीच वर्षे वाया घालवली. त्यांनी उभा केलेला प्रश्न पटाच्या मंडळांनी स्वतः पन्नास वर्षांपूर्वी उभा करायला हवा होता.

नियमाने काय बदलले, ते धुरकऱ्याच्या कामात दिसते. हातात काही नसताना जोडी पळवायची तर बैलाला आवाज ओळखता आला पाहिजे, कासऱ्याचा ताण समजला पाहिजे, आणि त्यासाठी बारा महिने त्याच माणसाने त्याला हाताळले पाहिजे. पूर्वी नावाजलेला धुरकरी दुसऱ्याच्या जोडीवर त्या दिवसापुरता चढत असे. आताही चढतो, पण ज्या घरचा मुलगाच धुरकरी आहे, त्या घरच्या जोडीची वेळ बरी येते, असे जाणकार सांगतात आणि मला ते पटते. पशुवैद्यकीय तपासणीमुळे दुखऱ्या खुराचा बैल पट्टीवर येण्याआधीच बाजूला काढला जातो. पहिल्या वर्षी लोकांनी कुरकुर केली. आता मालक आदल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करतात.

गाड्यांचाही मामला पालटला आहे. पूर्वी पटाची जोडी चार-चार मुक्काम करत पायी जाई. आता ती पिकअपमध्ये जाते. हंगामात बडनेरा रस्त्याने येणारी अशी गाडी राजापेठेच्या चौकात सिग्नलला थांबते. पाठीवर झूल घातलेले, शिंगांना रंग दिलेले दोन बैल मागच्या फळीवरून शहराकडे पाहत असतात आणि दुचाकीवरची कॉलेजातली मुले मोबाइल काढतात. "जोडी कोनाची हाय भाऊ?" असा प्रश्न विचारणारा एखादा म्हातारा त्यांच्यात हमखास निघतो, आणि सिग्नल सुटेपर्यंत गाव, मालक, मागच्या पटातली वेळ, एवढे सगळे त्याला कळलेले असते.

इंग्लंडच्या स्पीडवेचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९४७ मध्ये तीन विभाग झाले, नवे संघ आले. वेम्ब्लीने १९४६ ते १९५३ या आठ वर्षांत सातदा लीग जिंकली. फक्त १९४८ साली न्यू क्रॉसने तिला मागे टाकले. पण पन्नासच्या दशकात गर्दी आटली. करमणूक कराचा बोजा मोठा होता. घरात टेलिव्हिजन आला. १९५३ मध्ये न्यू क्रॉस बंद पडले. वेम्ब्लीचा कारभार पाहणारे सर आर्थर एल्विन १९५७ च्या फेब्रुवारीत वारले आणि त्या हंगामात वेम्ब्लीचा संघ उतरलाच नाही. हा एवढा मोठा संघ एका माणसाच्या पाठीशी उभा होता आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. सगळे विभाग मोडून अठरा संघांची एकच ब्रिटिश लीग १९६५ मध्ये बांधली, तेव्हा खेळ सावरला.

आपल्याकडे प्रेक्षक कमी होण्याची भीती मला वाटत नाही. भीती बैलाची आहे. पट पाहायला पन्नास हजार माणसे येतील, पण शर्यतीला जोड्या कुठून येणार? दोन एकरवाल्याला बैल पोसणे जड झाले आहे. भाड्याचा ट्रॅक्टर एका दिवसात काम उरकून जातो. मग पटाची जोडी मोठ्या शेतकऱ्याच्या, ठेकेदाराच्या, पुढाऱ्याच्या गोठ्यात जाते. तिची किंमत लाखांत पोचते, बक्षिसेही मोटरसायकल-ट्रॅक्टरपर्यंत गेली आहेत. अशाने एक दिवस पट म्हणजे पैसेवाल्यांची हौस होईल. म्हणून खुल्या गटाबरोबर गावापुरता, तालुक्यापुरता गट ठेवणारी मंडळे मला जास्त जवळची वाटतात. खालच्या गटात वावर वाहणारा बैल धावतो. त्याची वेळ मोठी नसते, पण त्याच्यासाठी ओरडणारी माणसे त्याला नावाने ओळखतात. इंग्लंडातल्या त्या नॉर्दर्न लीगचे महत्त्व हेच होते. मिडल्सब्रो आणि नॉर्विचच्या लोकांना लंडनकडे पाहत बसावे लागले नाही.

गवळाऊ वळू कुठे राखले आहेत, कोणत्या गावात चांगली वासरे निघतात, याची माहिती पटाच्या मैदानावर एकवटते. ती कागदावर आली तर अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि पशुसंवर्धन खाते यांना तिचा उपयोग करता येईल. कृषक सुधाराचा मूळ हेतूही तोच होता.

आणि कागदाचा विषय निघालाच आहे तर शेवटी ही विनंती. १९४६ च्या हंगामात मिडल्सब्रोकडून कोणी किती गुण मिळवले, हे आज कोणालाही पाहता येते, कारण त्या लोकांनी प्रत्येक फेरीचा हिशेब लिहून ठेवला. आपल्या बऱ्याच गावांत विजेत्या जोडीची वेळ खडूने फळ्यावर लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुसली जाते. ज्या मंडळांकडे जुन्या वह्या, पत्रिका, बक्षिसांच्या याद्या, फोटो असतील त्यांनी त्यांच्या प्रती या स्मरणिकेच्या संपादकांकडे द्याव्यात. मूळ कागद देऊ नयेत, प्रतीच द्याव्यात. येत्या हंगामापासून प्रत्येक पटाची एक वही असावी. तीत तारीख, पट्टीची लांबी, मालकाचे नाव व गाव, दोन्ही बैलांची नावे, जात आणि वय, धुरकऱ्याचे नाव, लागलेला वेळ आणि तपासणाऱ्या पशुवैद्यकाची सही असावी. बैलांची नावे लिहायला विसरू नये.